सोमवारचा पहिला तास

बनशंकरीच्या बाजारात अवरेकाई आली की बाकीच्या बेंगळुरूला भूक लागते आणि माझी मरते. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची इथली बहीण. डिसेंबर उजाडला की फुटपाथवर तिचे हिरवे ढीग लागतात आणि पुढचा महिना-दीड महिना उप्पीट तिचं, सांबार तिचं, तांदळाच्या भाकरीतसुद्धा तीच. दाणे भिजत घालायचे आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून सोडवायचा, हे काम घरोघरी टीव्हीसमोर चालतं. शेंगांना एक तेलकट, हिरवट वास असतो, तो बोटांना लागला की साबणालाही दाद देत नाही. आमची शेंगवाली लक्ष्मम्मा म्हणते, जेवढं धुकं जास्त तेवढा वास जास्त. यंदा धुकं भरपूर पडलं आहे.

याच दिवसांत कॉलेजात हजेरीची यादी लागते. विषम सत्राच्या परीक्षा तोंडावर असतात, मुलं स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून जिन्यावर बसून एकमेकांच्या वह्यांचे फोटो काढत असतात, आवारातली गुलाबी फुलांची झाडं नको तेवढी फुललेली असतात, आणि नोटीस बोर्डापुढे गर्दी होते. ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली, त्यांना त्या विषयाच्या पेपराला बसता येत नाही. निदान नियम तसा आहे. एका हिवाळ्यात ती यादी मी केली, आणि तेव्हापासून हा ऋतू मला सोसत नाही. तीन वर्षं झाली त्याला.

मी बीबीएच्या मुलांना जनरल पेपर शिकवते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. धंद्याची पदवी घ्यायला आलेल्या मुलाला अकाउंट्स, कॉस्टिंग, मार्केटिंग हे तर शिकावं लागतंच, पण त्याबरोबर दोन भाषा, पर्यावरण, संविधान, थोडा कॉम्प्युटर, असं एक गाठोडंही घ्यावं लागतं. विद्यापीठाचं म्हणणं असं, की माणूस नुसता व्यापारी होऊ नये, त्याला जगाची थोडी जाण असावी. म्हणणं चांगलं आहे. मुलांचं म्हणणं वेगळं असतं. पालकांचंही. एका पालकांनी मला तोंडावर विचारलं होतं, "मॅडम, याला पुढे कारखाना बघायचाय, मूलभूत हक्क घेऊन काय करणार तो?" मी त्यांना लांबलचक उत्तर दिलं. ते ऐकताना ते माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत होते.

माझा विषय संविधान. टाइमटेबल करताना सगळे मानाचे विषय आधी बसतात आणि जे तास कुणालाच नको असतात ते माझ्या वाट्याला येतात. सोमवारी सकाळी साडेआठ आणि शनिवारी शेवटचा. अकाउंट्सच्या पद्मा मॅडमच्या तासाला मागच्या बाकांवर दाटीवाटी, आणि माझ्या तासाला पुढचे दोन बाक भरले तरी मला गहिवरून यायचं. हसण्यासारखं आहे, पण मी हसत नव्हते. वीस वर्षं मी एका गोष्टीची वाट बघत होते, की कधीतरी कुणाचं तरी माझ्या पेपरावाचून अडावं. माणसानं काय मागावं याचं भान ठेवायला हवं होतं.

सुप्रिया पाचव्या सत्रात माझ्याकडे आली. निपाणीकडच्या एका खेड्यातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी शाळा. बेंगळुरूतच यशवंतपूरच्या मंडीत, म्हणजे घाऊक बाजारात, तिच्या काकांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता आणि मागे दोन खोल्यांचं घर. त्या घरात एका मुलीपुरती जागा होती. तीन वर्षं सुप्रियानं राहायचं, पदवी घ्यायची, नोकरी बघायची, आणि मग तिच्या धाकट्या बहिणीनं त्या जागेवर यायचं, असं दोन भावांमध्ये ठरलं होतं. हे मला तिनंच सांगितलं, पण फार उशिरा, जेव्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

वर्गात मात्र ती पहिल्यापासून लक्षात राहिली, कारण ती प्रश्न विचारायची. जनरल पेपरच्या तासाला प्रश्न! एकदा शनिवारी मी कायद्यापुढच्या समानतेचं कलम शिकवत होते. ती उभी राहिली आणि कन्नडमिश्रित इंग्रजीत म्हणाली, की मंडीत मोठ्या व्यापाऱ्याची लॉरी आधी आत घेतात आणि छोट्या शेतकऱ्याचा टेम्पो तीन-तीन तास फाटकाबाहेर उभा असतो, तर तिथे हे कलम चालतं का? वर्ग हसला. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण घरी जाताना बसमध्ये मी खूश होते. धंदा आणि संविधान यांची गाठ घालून दाखवणारी तीच पहिली मुलगी.

पण ती सोमवारी यायची नाही. शनिवारी हजर, सोमवारी गैरहजर, सबंध सत्रभर.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमचं घर मराठी, पण आजोबांपासून इथलं. वडिलांना अण्णा म्हणतो, मोठ्या बहिणीला अक्का, आणि भांडतानाही निम्मे शब्द कन्नड येतात. उंबऱ्याबाहेर मी मराठी आहे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं आणि ठाऊक असावं असं मला कधी वाटलं नाही. कुणी विचारलंच तर "इल्लियवरे", इथलेच आम्ही, एवढं म्हणून मी विषय बदलते. भीती म्हणावी असं काही कधी घडलेलं नाही. तरी सीमेवरून पेपरात काही छापून आलं की त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जरा कमी बोलते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या गावात बरं चाललेल्या माणसांची ही एक सवय असते. आपल्याकडे कुणाचं बोट जायला नको, एवढंच बघत जगायचं.

यादी लागायच्या आठवड्यात कमी हजेरीची मुलं स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. आमच्याकडे त्याची एक ठरलेली रीत आहे. मुलानं कारणाचं पत्र आणायचं, हातानं लिहिलेली वीस पानांची असाइनमेंट द्यायची, शिक्षकानं थोडं रागवायचं, आणि जादा तासांच्या कागदावर सही करून हजेरी पंचाहत्तरवर न्यायची. सगळे विषय असेच सुटतात, जनरल पेपर तर हमखास. आमचे विभागप्रमुख भला माणूस. त्या आठवड्यात ते प्रत्येकाच्या टेबलापाशी येऊन तेच वाक्य बोलतात. माझ्यापाशीही आले. "जनरल पेपर अल्वा मॅडम, स्वल्प अॅडजस्ट माडी." जनरल पेपरच तर आहे, घ्या जरा सांभाळून.

बारा नावं होती. आदल्या दोन दिवसांत नऊ जणांच्या कागदावर मी सही केली होती. चार जणांनी एकाच डॉक्टरचं, एकाच शाईतलं तापाचं पत्र आणलं होतं. एकानं आजी वारल्याचं लिहिलं होतं, आणि तीच आजी पर्यावरणाच्या मॅडमकडेही वारली होती. मी रागवले, हसले, सह्या केल्या.

सुप्रिया यादीतली दहावी. दुपारची चहाची वेळ होती, स्टाफरूम भरलेली. ती टेबलापाशी आली आणि इतके महिने इंग्रजीत बोलणारी ती मुलगी एकदम मराठीत म्हणाली, "मॅडम, तुमच्याशी जरा बोलायचं हुतं."

तिला कुठून कळलं कोण जाणे. फोनवर अण्णांशी बोलताना ऐकलं असेल. मी इंग्रजीत विचारलं, "येस?"

ती मराठीतच राहिली. "सोमवारी मंडीत लॉऱ्या येत्यात मॅडम. रविवारी बंद असतंय, म्हणून सोमवारी लई गर्दी. काका एकटंच असत्यात, फाटकावर चिठ्ठ्या द्यायला मला बसाय लागतंय नऊपतोर. तिथं ऱ्हाते, तर तेवढं केलं पायजे. चुकलं माझं. काय लिहून द्यायचं ते देते." पत्र तिनं आणलं नव्हतं. असाइनमेंट मात्र आणली होती, वीस नाही, चाळीस पानांची.

पलीकडच्या टेबलावर पद्मा मॅडमनी तिचं मराठी ऐकून कप खाली ठेवला आणि हसत मला कन्नडमध्ये म्हणाल्या, "अरे, तुमच्या भागातली का ही? मग काय, झालंच हिचं काम." दोघीतिघी हसल्या. त्यात काही वाईट नव्हतं. पद्मा मॅडम सगळ्यांचीच अशी थट्टा करायच्या. मंगळुरूच्या मुलावरून त्यांनी मंगळुरूच्या सरांना याच शब्दांत छेडलं होतं, आणि सरांनी हसत हसत सही ठोकली होती.

मला हसता आलं नाही. आपल्या माणसाला आतून सोडलं, असं त्यांना वाटेल, एवढंच माझ्या डोक्यात भरलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हटलं, की मंडीत बसणं हे कारण होऊ शकत नाही, वैद्यकीय पत्र नसेल तर माझ्या हातात काही नाही, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे. शेवटचं वाक्य तर मी वर्गातल्यासारखं बोलले.

मग तिनं मला ते सगळं सांगितलं, हळू आवाजात. काकांकडची एकीपुरती जागा, जूनमध्ये येणारी बहीण. मारतहळ्ळीच्या एका कंपनीनं तिला कॅम्पसमध्ये निवडलं होतं, जूनपर्यंत सगळे पेपर सुटलेले पाहिजेत एवढीच अट. हा पेपर अडला तर पुढच्या हिवाळ्यातच परत येणार, आणि त्यासाठी सत्रभर पुन्हा हजेरी भरायची. म्हणजे राहायचं कुठं? हे सगळं तिनं रडत सांगितलं असतं तर कदाचित मी विरघळले असते. ती रडली नाही. माझं बोलणं ऐकून घेतलं, एकदा मान हलवली आणि म्हणाली, "सगळ्यांना जे हाय तेच मला बी, मॅडम. वेगळं काय मागत न्हाई मी."

ती गेली. चाळीस पानं टेबलावरच राहिली. संध्याकाळी उरलेली दोन मुलं आली, त्यांच्या कागदांवर मी सही केली. अकरा सुटली. यादीवर एकच नाव राहिलं.

विभागप्रमुखांनी यादी बघितली, माझ्याकडे बघितलं. "एकच?" ते म्हणाले. मग म्हणाले, तुमचा विषय, तुमची सही. मी त्या रात्री शांत झोपले, हे लिहायला मला आज लाज वाटते, पण झोपले. दुसऱ्या दिवशी पद्मा मॅडम जरा गप्प होत्या. मला वाटलं, बसली जरब.

तिनं बाकीचे पेपर दिले. सहाव्या सत्राचेही दिले, सगळे चांगल्या मार्कांनी. जूनमध्ये कंपनीनं पत्र मागे घेतलं. बहीण आली, सुप्रिया गावी गेली. हे मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, कुठल्या मुलाकडून, ऑफिसातल्या क्लार्ककडून. नंतरच्या हिवाळ्यात यादी करायला बसले तेव्हा बोटांना अवरेकाईचा वास होता आणि पेन मी टोपण लावून बाजूला ठेवलं. त्या वर्षी मी सगळ्यांना सोडलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मुलं म्हणतात मॅडम आता चांगल्या झाल्या आहेत.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला आहे. नियम मोडणाऱ्या बाराजणांना अडवलं असतं तर मी कडक ठरले असते. बाराजणांना सोडलं असतं तर रीतीप्रमाणे वागले असते. मी तिसरंच काहीतरी केलं. जी मुलगी माझ्या भाषेत बोलली तिलाच परकं केलं, का, तर इतरांनी मला परकं म्हणू नये. आणि जिनं खोटं पत्र आणलं नाही तिलाच पत्राची अट घातली. हे सगळं मी संविधान शिकवत असताना केलं, सोमवारी पहिल्या तासाला समानतेचं कलम फळ्यावर लिहून. मुलांना जगाची जाण यावी म्हणून विद्यापीठानं हा पेपर ठेवला होता. सुप्रियाला तर ती जाण मंडीच्या फाटकावरच आली होती.

आता तो पेपरही राहिला नाही. अभ्यासक्रम बदलला, गाठोडं नव्यानं बांधलं, माझा विषय दुसऱ्या नावाखाली दोन धड्यांत गेला. ज्या पेपरावाचून तिची पदवी अडली आहे तो या वर्षीच्या मुलांना ठाऊकसुद्धा नाही. मागच्या आठवड्यात ऑफिसातून सूचना आली, की जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांना एक शेवटची संधी आहे. हजेरीची अट नाही, नुसता येऊन पेपर लिहायचा. फॉर्म शुक्रवारपर्यंत. त्यानंतर तो विषय कायमचा बंद.

तिचा जुना नंबर लागेना. म्हणून बुधवारी सकाळी मी यशवंतपूरला गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी मंडी बघितली. ओल्या पोत्यांचा आणि डिझेलचा वास, हमालांची हाळी, धुक्यात दिवे लावून उभ्या असलेल्या लॉऱ्या. फाटकाशी एक छोटा टेम्पो बाजूला काढून ठेवला होता, त्याचा माणूस चाकावर बसून विडी ओढत होता. फाटकापाशी एक पत्र्याची टपरी, आत एक स्टूल. नऊपर्यंत ती इथं बसत असणार. मी तिथं उगाच थोडा वेळ उभी राहिले.

काका साठीचे, डोक्याला मफलर. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पोत्यावरची धूळ झटकली. "बर्री बर्री, या टीचर, बसा. ए, चा सांग रे! पोरगी लई नाव काढती हो तुमचं."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. मी संधीचं सांगितलं. त्यांनी लगेच फोन लावला, दोन वाक्यं बोलले आणि माझ्या हातात दिला.

मागे बरण्यांचा, कॅनचा आवाज येत होता. गावातल्या दूध डेअरीत ती कॉम्प्युटरवर बसते. "मॅडम?" ती म्हणाली. "तुम्ही मंडीत आलाय?" मी मराठीतच बोलले. पेपराचं सांगितलं, एका दिवसाचं काम आहे म्हटलं, आदल्या दिवशी येऊन माझ्याकडे राहा म्हटलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आता कशाला मॅडम? इथं दूध घालणारं कोण डिग्री विचारतंय?"

मी म्हटलं, तुझं आहे ते तुला मिळायला हवं.

कॅनच्या आवाजापासून ती फोन घेऊन जरा लांब गेली. "एक विचारू मॅडम? राग मानू नका. आमच्या वर्गातली एक म्हणत हुती, त्या टायमाला बाकीच्या समद्यांना सोडलं, फक्त मलाच अडवलं. यादी बघाय मी काय बोर्डाकडं गेले न्हवते, पण तिच्याशी भांडले. म्हटलं, मॅडम तसल्या न्हाईत. न्हाई पायजे म्हणल्या तर समद्यांनाच न्हाई म्हणल्या असतील. तेवढ्यावरच मी गप बसले बघा तवा. न्हाईतर... बरोबर हाय न्हवं?"

काका माझ्याकडे बघत होते. चहा आला होता, त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. खरं सांगायलाच मी इतक्या लांब आले होते, दोन बसमध्ये वाक्यं जुळवत. अकरा म्हणायचं होतं, एवढा एक आकडा.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "सगळ्यांनाच अडवलं होतं."

"तेच म्हटलं मी तिला," सुप्रिया म्हणाली, आणि तिच्या आवाजात तीन वर्षांपूर्वीचा वर्ग आला. "मग भरा मॅडम माझा फॉर्म. येते मी."